डबा कोणाचा? मॉडेम आणि राउटरमागची विसरलेली लढाई

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत मागच्या वर्षी ब्रॉडबँड घेतला. चार जुने कॉम्प्युटर, पंचवीस-तीस मुलं-मुली आणि महिन्याच्या वर्गणीतून भरायचं बिल. कंपनीचा माणूस आला, भिंतीला भोक पाडून वायर आत घेतली, टेबलावर एक पांढरा डबा ठेवला आणि जाताना बजावून गेला, "डब्याला कोणी हात लावायचा नाही. काही झालं तर कंपनीला फोन करा."

सात महिन्यांनी डबा बंद पडला. नेमका शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचा काळ. आम्ही फोन करत राहिलो आणि नऊ दिवस कोणी आलं नाही. मुलं सायबर कॅफेत पैसे मोजून अर्ज भरत होती. अकरावीतल्या एका पोराने मामाच्या घरून जादा पडलेला राउटर आणला. दहाव्या दिवशी उगवलेल्या कंपनीच्या माणसाने तो पाहून मान हलवली, "बाहेरचा डबा चालत नाही."

तो गेल्यावर पोरगा मला म्हणाला, "ताई, सिमकार्ड कंपनीचं असतं, पण मोबाईल आपण कुठलाही घेतो. वीज मंडळाची असते, पण पंखा कुठलाही लावतो. मग हा डबाच कंपनीचा का?"

प्रश्न साधा होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी समाजशास्त्र शिकलेली. वायर, सिग्नल हा माझा प्रांत नाही. पण शोधायला लागले तेव्हा लक्षात आलं, की हा प्रश्न तंत्रज्ञानाचा कमी आणि सत्तेचा जास्त आहे. भिंतीपर्यंत आलेली वायर कंपनीची. पण वायर जिथे संपते, त्या टोकाला काय जोडायचं हे कोणी ठरवायचं? या एका प्रश्नावर अमेरिकेत जवळजवळ तीस वर्षं लढाई झाली. ती झाली नसती, तर तुमच्या-माझ्या घरातला कॉम्प्युटर इंटरनेटला इतक्या सहज जोडला गेला नसता. आणि गंमत म्हणजे ही लढाई लढणाऱ्यांत मोठे शास्त्रज्ञ कमी आणि दाराबाहेर ठेवलेली माणसं जास्त होती.

आधी डबा समजून घेऊ

आपण ज्याला सरसकट "वायफायचा डबा" म्हणतो, त्यात मुळात दोन वेगळी कामं चालतात.

पहिलं काम मॉडेमचं. कॉम्प्युटरला फक्त शून्य आणि एक कळतात. टेलिफोनची वायर मात्र माणसाचा आवाज वाहून नेण्यासाठी टाकलेली होती. मग शून्य-एकचं रूपांतर आवाजात करायचं, तो आवाज वायरीतून पाठवायचा आणि पलीकडे पुन्हा त्याचे शून्य-एक करायचे. पहिल्या कामाला इंग्रजीत मॉड्युलेशन म्हणतात, दुसऱ्याला डिमॉड्युलेशन. दोन्ही शब्दांची डोकी जोडून झालं मॉडेम. म्हणजे मॉडेम हा दुभाषा आहे.

दुसरं काम राउटरचं. बाहेरून आलेलं एकच कनेक्शन घरातल्या चार-पाच यंत्रांना वाटून द्यायचं आणि कोणाचं उत्तर कोणाकडे जाईल याचा हिशेब ठेवायचा. म्हणजे राउटर हा कारकून आहे.

पूर्वी हे दोन डबे वेगळे असत. आज बहुतेक ठिकाणी एकाच डब्यात दोन्ही कोंबलेले असतात, म्हणून आपल्याला ते एकच वाटतं. इतिहासात आधी दुभाषा आला, कारकून नंतर. आपणही त्याच क्रमाने जाऊ.

फोन कंपनीचा, घर कंपनीचं

विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतले बहुतांश टेलिफोन एकाच कंपनीच्या ताब्यात होते. तिचं नाव एटीअँडटी. वायर तिची, एक्स्चेंज तिचं आणि घरात टेबलावर ठेवलेला फोनसुद्धा तिचाच. फोन विकत मिळत नसे. तो भाड्याने असे आणि पिढ्यानपिढ्या लोक भाडं भरत. कंपनीचा नियम होता, की आम्ही न दिलेली कोणतीही वस्तू आमच्या फोनला किंवा वायरीला जोडता येणार नाही. कारण काय? तर बाहेरच्या वस्तूमुळे आमच्या जाळ्याला धोका पोचेल.

हा नियम किती टोकाला गेला पाहा. हश-अ-फोन नावाची एक छोटी कंपनी फोनच्या तोंडावर बसवायची एक वाटी विकत असे. ऑफिसच्या गोंगाटात फोनवर बोलताना आपलं बोलणं शेजारच्याला ऐकू जाऊ नये, एवढाच तिचा उपयोग. त्या वाटीला वायर नाही, वीज नाही. ओंजळीत तोंड घालून बोललं तर जे होईल, तेवढंच ती करायची. तरीही एटीअँडटीने तिच्यावर हरकत घेतली. १९४८ मध्ये हश-अ-फोनने दूरसंचार आयोगाकडे तक्रार केली. १९५५ मध्ये आयोगाने निकाल दिला कंपनीच्या बाजूने! एका वाटीमुळे देशाची टेलिफोन व्यवस्था बिघडेल, हे सरकारी आयोगाने मान्य केलं.

हश-अ-फोन अपिलात गेली आणि नोव्हेंबर १९५६ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने आयोगाचा निकाल फिरवला. न्यायालयाने मांडलेलं तत्त्व असं, की फोनचा जो वापर ग्राहकाला खासगीत फायद्याचा आहे आणि ज्याने सार्वजनिक नुकसान होत नाही, तो करण्याचा ग्राहकाला हक्क आहे. निकाल एका वाटीबद्दल होता. पण पुढे त्याच्यावर जे उभं राहिलं ते वाटीपेक्षा फार मोठं होतं. योगायोग असा, की या खटल्यात हश-अ-फोनच्या बाजूने साक्ष देणाऱ्या तज्ज्ञांत जे. सी. आर. लिकलायडर होते. हेच लिकलायडर १९६२ मध्ये अमेरिकन संरक्षण खात्याच्या अर्पा या संस्थेत संगणक विभागाचे प्रमुख झाले. इंटरनेटचा पूर्वज असलेलं अर्पानेट १९६९ मध्ये सुरू झालं, त्याची वैचारिक पायाभरणी त्यांच्या काळातली.

याच सुमारास मॉडेमही आला होता. १९६२ मध्ये एटीअँडटीने बेल १०३ नावाचा मॉडेम बाजारात आणला. सेकंदाला ३०० बिट, म्हणजे साधारण तीस अक्षरं. त्याची युक्ती सोपी होती: "शून्य" म्हणजे एका उंचीचा सूर, "एक" म्हणजे दुसऱ्या उंचीचा सूर. बोलावणाऱ्या बाजूला दोन सूर आणि उत्तर देणाऱ्या बाजूला वेगळे दोन सूर. त्यामुळे दोन्ही बाजू एकाच वेळी बोलू शकत. पण हा मॉडेम कंपनीचा, तो भाड्याने मिळणार कंपनीकडूनच, आणि तिचे गिऱ्हाईक म्हणजे मोठ्या कंपन्या आणि सरकारी खाती. सामान्य माणसाच्या घराशी त्याचा संबंध नव्हता.

ज्यांना फोन ऐकूच येत नव्हता

आता या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग.

टेलिफोनचं पेटंट अलेक्झांडर ग्रॅहम बेलला १८७६ मध्ये मिळालं. बेल हा व्यवसायाने कर्णबधिर मुलांचा शिक्षक. त्याच्या आईला ऐकू येत नसे, त्याची बायको मेबल हिलाही ऐकू येत नसे. पण म्हणून त्याला कर्णबधिरांच्या समाजाविषयी आदर होता असं समजू नका. १८८३ मध्ये त्याने अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीपुढे एक निबंध वाचला. कर्णबधिर माणसं आपसात लग्नं करतात, त्यामुळे कर्णबधिर माणसांचा एक वेगळाच वंश तयार होईल, अशी त्याची भीती होती. त्यावरचा त्याचा उपाय म्हणजे त्यांच्या वेगळ्या शाळा, त्यांची खुणांची भाषा आणि त्यांचे कर्णबधिर शिक्षक कमी करायचे. म्हणजे ज्यांचं भलं करायचं, त्यांचीच भाषा आणि त्यांचंच एकत्र येणं मोडून काढायचं. हे असलं "भलं" कोणाच्या ओळखीचं नाही?

बेलच्या शोधाने जग जवळ आलं, पण कर्णबधिर माणूस आणखी दूर गेला. नोकरीचे निरोप फोनवर, डॉक्टर फोनवर, पोलीस फोनवर. ज्याला ऐकू येत नाही त्याने शेजाऱ्याच्या दारात उभं राहून विनंती करायची, "माझ्यासाठी एक फोन लावता का?" आपली खासगी गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून सांगायची. अठ्ठ्याऐंशी वर्षं हे असंच चाललं.

१९६४ मध्ये ते बदललं, आणि बदललं ते कर्णबधिर माणसांनीच. रॉबर्ट वाइटब्रेख्ट हे कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ, जन्मापासून ऐकू न येणारे आणि हौशी रेडिओवाले. जेम्स मार्स्टर्स हे दातांचे डॉक्टर, अँड्र्यू सॅक्स हे व्यावसायिक, दोघेही कर्णबधिर. तारखात्यात आणि वर्तमानपत्रांत वापरला जाणारा टेलिप्रिंटर म्हणजे टाइप केलेला मजकूर दूरवर छापणारं यंत्र. ते फोनला जोडता आलं, तर ऐकू न येणारा माणूस फोनवर लिहून बोलू शकेल, अशी त्यांची कल्पना.

पण जोडायचं कसं? फोनच्या वायरीला हात लावायला बंदी. इथे वाइटब्रेख्ट यांनी जी वाट काढली ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. वायरीला हात लावायचाच नाही! फोनचा रिसिव्हर उचलून दोन रबरी वाट्यांच्या खोबणीत ठेवायचा. एका वाटीत छोटा स्पीकर, दुसरीत मायक्रोफोन. यंत्र सूर काढणार, ते रिसिव्हर "ऐकणार". पलीकडून आलेले सूर रिसिव्हर "बोलणार", ते यंत्र ऐकणार. वायरीला स्पर्श नाही, म्हणजे नियमभंगही नाही. याला अकूस्टिक कपलर म्हणतात. याच जातीच्या मॉडेमवर पुढे पहिल्या पिढीचे घरगुती कॉम्प्युटर एकमेकांशी बोलले. जुन्या इंग्रजी सिनेमात फोनचा रिसिव्हर एका खोक्यावर पालथा घातलेला दिसतो ना, तोच हा.

१९६४ मध्ये कॅलिफोर्नियात दोन कर्णबधिर माणसांनी एकमेकांना फोन केला आणि कागदावर अक्षरं उमटली. मधे कोणी शेजारी नाही, कोणी मध्यस्थ नाही.

यंत्रं मिळवणं ही पुढची अडचण. टेलिप्रिंटर म्हणजे एकट्याने उचलवणार नाही असं धूड, नवं घ्यायचं तर परवडणार नाही. जुनी झालेली यंत्रं कंपन्या भंगारात काढत. १९६८ मध्ये ती कर्णबधिरांना देण्याचा करार झाला आणि इंडियानापोलिसमध्ये त्यांच्या वाटपासाठी संस्था उभी राहिली. त्या काळात छापखान्यात काम करणारे कर्णबधिर कामगार पुष्कळ. यंत्राची भीती त्यांना नव्हती. त्यांनी गॅरेजमध्ये, तळघरात ही यंत्रं उघडली, साफ केली, दुरुस्त केली आणि शहराशहरांत घरोघरी पोचवली. कंपनीचा माणूस येण्याची वाट बघत बसले नाहीत.

मित्रांनो, तंत्रज्ञानाचा इतिहास आपल्याला नेहमी एखाद्या प्रतिभावान माणसाची किंवा एखाद्या उदार कंपनीची कथा म्हणून सांगितला जातो. इथे काय दिसतं? फोनने ज्यांना दाराबाहेर ठेवलं, त्यांनीच फोनच्या वायरीतून अक्षर पाठवण्याची गोष्ट घराघरात नेली. गरज त्यांना होती, म्हणून डोकंही त्यांचंच चाललं.

टेक्ससचा कार्टर आणि १९६८ चा निकाल

वाटेचा वळसा सापडला, पण बंदी तशीच होती. ती तोडली टेक्ससच्या थॉमस कार्टर या छोट्या उद्योजकाने. तेलविहिरींवर आणि दूरच्या कुरणांवर काम करणारी माणसं रेडिओवर बोलत. त्यांना शहरातल्या फोनवाल्याशी बोलता यावं म्हणून कार्टरने एक यंत्र बनवलं. त्याच्यावर रिसिव्हर ठेवला, की फोनचा आवाज रेडिओत आणि रेडिओचा आवाज फोनमध्ये. नाव कार्टरफोन. १९५९ ते १९६६ या काळात त्याने अशी सुमारे ३,५०० यंत्रं विकली. एटीअँडटीने ग्राहकांना धमकावलं, की हे वापराल तर फोन तोडू.

कार्टर कोर्टात गेला, तिथून प्रकरण आयोगाकडे आलं आणि २६ जून १९६८ रोजी आयोगाने निकाल दिला. तेरा वर्षांपूर्वी वाटीला घाबरलेल्या त्याच आयोगाने आता सांगितलं, की कंपनीचा नियम अन्याय्य आणि बेकायदा आहे. जाळ्याला नुकसान न पोचवणारं कोणतंही यंत्र ग्राहक जोडू शकतो. नुकसान होतं असं म्हणायचं असेल, तर ते कंपनीने दाखवावं.

मक्तेदारी इतक्यावर गप्प बसते का? एटीअँडटीने नवी अट घातली: जोडा तुमचं यंत्र, पण मधे आमचा एक "संरक्षक" डबा लावा आणि त्याचं भाडं द्या! या अटीविरुद्ध पुन्हा काही वर्षं गेली. शेवटी सत्तरच्या दशकाच्या मध्यावर आयोगाने नोंदणीची पद्धत आणली. यंत्र ठरलेल्या चाचणीत उतरलं, त्याची नोंदणी झाली, की ते कोणीही विकावं, कोणीही जोडावं. फोन कंपन्या त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. १९७७ मध्ये तो रस्ताही बंद झाला.

या निकालाची खूण तुम्ही हातात धरलेली आहे. लँडलाइनच्या वायरीच्या टोकाला असलेली ती पारदर्शक प्लास्टिकची छोटी पिन, जी दाबली की "टक्" आवाज करून बसते, तिचं नाव आरजे-११. यातलं आरजे म्हणजे रजिस्टर्ड जॅक, नोंदणी झालेली खोबण. त्या दोन अक्षरांत ही लढाई आहे.

दार उघडल्यावर काय झालं

फेब्रुवारी १९७८ मध्ये शिकागोत वॉर्ड ख्रिस्टन्सन आणि रँडी सूस या दोन हौशी तरुणांनी घरगुती कॉम्प्युटर फोनला जोडून एक सूचना फलक सुरू केला. कोणीही मॉडेमने फोन लावावा, निरोप वाचावा, आपला लिहावा. असे फलक पुढे जगभर हजारोंनी झाले. १९८१ मध्ये हेज कंपनीचा स्मार्टमॉडेम आला. तो रिसिव्हरशिवाय थेट वायरीला जोडता येई आणि कॉम्प्युटरच्या हुकमावर स्वतः नंबर फिरवी. मग शर्यत लागली: ३०० बिटवरून १,२००, २,४००, ९,६००, १४,४००, १९९४ मध्ये २८,८०० आणि १९९८ मध्ये ५६,०००. वीस वर्षांत वेग शंभर पटींहून जास्त वाढला, कारण शेकडो कंपन्यांना डबा बनवायची मुभा होती.

पण ५६,००० नंतर भिंत लागली. टेलिफोनची व्यवस्था माणसाच्या आवाजापुरतीच, म्हणजे साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढीच पट्टी पुढे पाठवते. बाकीचं गाळून टाकते. म्हणजे रस्ता रुंद, पण फाटक अरुंद. तांब्याच्या त्याच वायरीची ताकद दहा लाख हर्ट्झच्याही वर आहे. एक्स्चेंजमध्येच फाटक बाजूला केलं, तर? डीएसएल म्हणजे हेच. बेलकोर संस्थेचे जोसेफ लेकलायडर आणि स्टॅनफर्डचे जॉन चॉफी यांची नावं यात महत्त्वाची. वायरीची रुंदी अडीचशेच्या आसपास बारीक पट्ट्यांत वाटायची, खालची पट्टी बोलण्यासाठी सोडायची आणि उरलेल्यांतून एकाच वेळी माहिती पाठवायची. म्हणून ब्रॉडबँड चालू असताना फोनही चालतो. दोघांना वेगळं करणारी छोटी डबी म्हणजे स्प्लिटर. केबल टीव्हीच्या वायरीसाठी असाच वेगळा मॉडेम निघाला, त्याचं प्रमाण १९९७ मध्ये ठरलं.

इथे एक गोष्ट टिपून ठेवा. घराघरात गेलेला डीएसएल हा ए-डीएसएल होता. त्यातला "ए" म्हणजे असमान. घराकडे येणारा रस्ता रुंद, घरातून जाणारा अरुंद. याला तांत्रिक कारण खरंच होतं: एक्स्चेंजपाशी शेकडो वायरी एका जुडग्यात असतात आणि दुरून थकून आलेल्या सिग्नलांत एकमेकांचा आवाज मिसळतो. पण दुसरं कारणही होतं. सुरुवातीला हे तंत्र फोनच्या वायरीवरून घरी सिनेमे पुरवण्यासाठी विकसित होत होतं. घर म्हणजे बघणारा, घेणारा. सांगणारा, पाठवणारा नाही, हे गृहीत धरलं होतं. अभ्यासिकेतून आमच्या मुलांनी व्हिडिओ चढवायला घेतला की तासभर लागतो आणि उतरवायला काही मिनिटं. हे गृहीतक असं आपल्या टेबलावर येऊन बसतं.

कारकुनाची गोष्ट

आता राउटर. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला एक क्रमांकाचा पत्ता लागतो. जुन्या पद्धतीत असे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी. नव्वदच्या दशकातच कळलं, की ते पुरणार नाहीत. १९९४ मध्ये एक तोडगा मांडला गेला, ज्याला नॅट म्हणतात. घराला बाहेरचा एकच पत्ता आणि आतल्या यंत्रांना घरगुती पत्ते. राउटरच्या पानावर १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा दिसतो तो हाच. तो फक्त घरापुरता असतो, म्हणून लाखो घरांत एकच असला तरी गोंधळ होत नाही.

चाळीचं उदाहरण घ्या. पत्रावर फक्त चाळीचं नाव येतं. खाली बसलेला माणूस वही ठेवतो: सात नंबरच्या खोलीने अमुक ठिकाणी पत्र टाकलं होतं, तिथून उत्तर आलं की सात नंबरला द्यायचं. राउटर अशी वही सेकंदाला हजारो वेळा उलटतो. यातून एक परिणाम आपोआप होतो. ज्याच्याकडे आतून कोणी पत्र टाकलंच नाही, त्याचं पत्र आलं तर वहीत नोंद नसते आणि ते दारातच पडतं. त्याने थोडी सुरक्षितता मिळते. पण आपल्या घरातून काही चालवायचं, बाहेरच्यांना आत येऊ द्यायचं, तर वहीवाल्याची परवानगी लागते. म्हणजे राउटरची किल्ली ज्याच्याकडे, दार त्याचं.

आणि ती किल्ली मिळवण्याचीही एक कथा आहे. डिसेंबर २००२ मध्ये लिंक्सिस कंपनीने डब्ल्यूआरटी५४जी नावाचा निळा-काळा घरगुती राउटर आणला. तो उघडून पाहणाऱ्यांच्या लक्षात आलं, की त्याच्या आत लिनक्स चालतं. लिनक्स मुक्त आहे, पण त्याचा परवाना सांगतो, की ते वापरून वस्तू विकाल तर त्या भागाचा कोड लोकांना द्यावा लागेल. लोकांनी मागणी लावून धरली आणि २००३ मध्ये कंपनीने कोड खुला केला. त्यातून ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. आज कितीतरी स्वस्त राउटरवर लोक कंपनीचं सॉफ्टवेअर काढून हे मुक्त सॉफ्टवेअर घालतात. कंपनीने डबा टाकून द्या म्हटलं, तरी तो चालवत राहतात.

आपल्याकडे

आपल्याकडे टेलिफोन हे सरकारी खातं, आणि कायदा १८८५ चा, इंग्रजांच्या तारयंत्रासाठी केलेला. फोनचं यंत्र खात्याचं. ग्राहकाच्या घरातली यंत्रं बनवायला खासगी उद्योगांना मुभा मिळाली ती १९८४ मध्ये. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्यासाठी आधी फोन हवा, फोनसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी, मग कॉम्प्युटर, मग मॉडेम, मग हजारोंची वर्षाची फी आणि शिवाय कॉलचे पैसे. त्या रांगेत कोण पुढे होतं आणि कोण रांगेतच नव्हतं, हे सांगायला नको.

२००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट म्हणजे ब्रॉडबँड असं ठरवलं. २००५ च्या सुरुवातीला भारत संचार आणि महानगर टेलिफोन निगमने फोनच्या त्याच तांब्याच्या वायरीवरून ब्रॉडबँड दिला. मॉडेम भाड्याने घ्या किंवा विकत, असा पर्यायही होता. त्याच वर्षी वायफायची २.४ गिगाहर्ट्झची पट्टी परवान्यातून मोकळी झाली. ती झाली नसती तर घरातल्या वायफायला परवाना काढावा लागला असता! पुढे ब्रॉडबँडची व्याख्या ५१२ किलोबिट झाली आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट.

पण व्याख्या वाढली म्हणून वाटा वाढतो असं नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या आकड्यांनुसार घरी कॉम्प्युटर असलेली ग्रामीण कुटुंबं साडेचार टक्क्यांच्या आत होती आणि शहरी २३ टक्क्यांच्या आसपास. दोनच वर्षांनी कोविडमध्ये शाळा याच डब्यावर भरवल्या गेल्या. ज्यांच्या घरी डबा नव्हता त्यांची शाळा भरली नाही. त्यामुळे "डबा कोणाचा" हा हौशी लोकांचा प्रश्न आहे असं कोणी म्हणालं, तर त्याला तेव्हाच्या सातवी-आठवीतल्या मुलांकडे पाठवा.

कंपनीचं म्हणणं आणि आपलं

कंपनीची बाजूही ऐकू. आज नवी जोडणी फायबरची असते. काचेच्या तंतूतून प्रकाश येतो आणि त्याचं रूपांतर करणाऱ्या डब्याला ओएनटी म्हणतात. एक्स्चेंजकडून येणारा एक तंतू वाटेत फोडून अनेक घरांना दिलेला असतो आणि प्रत्येक घराने आपल्या ठरलेल्या क्षणीच प्रकाश पाठवायचा असतो. एखादा बिघडलेला डबा भलत्या वेळी प्रकाश सोडू लागला, तर शेजाऱ्यांचीही लाइन बंद पडू शकते. म्हणजे "जाळ्याला धोका" हे कारण इथे अगदीच पोकळ नाही.

पण कार्टरच्या निकालाने याचं उत्तर देऊन ठेवलं आहे. धोका असेल तर चाचणी घ्या, प्रमाणपत्र मागा. मालकी का मागता? जर्मनीने हेच केलं. १ ऑगस्ट २०१६ पासून तिथे कायदा आहे, की कंपनीचं जाळं भिंतीतल्या खोबणीपाशी संपतं. पुढचा डबा ग्राहकाच्या पसंतीचा. अमेरिकेत २०१९ च्या कायद्याने ग्राहकाने स्वतःचा डबा लावलेला असताना कंपनीच्या डब्याचं भाडं लावायला बंदी केली. आपल्याकडेही इतक्याच स्पष्ट शब्दांत हा हक्क मागितला पाहिजे. ग्राहक म्हणून आणि नागरिक म्हणूनही.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर वस्तीतल्या प्रत्येक अभ्यासिकेने, प्रत्येक कार्यकर्त्याने कनेक्शन घेताना चार प्रश्न तोंडावर विचारावेत. डबा भाड्याचा की विकतचा? बिलात त्याचे वेगळे पैसे आहेत का? त्याचा ॲडमिन पासवर्ड आम्हाला मिळणार का? आणि कंपनीच्या डब्याला फक्त दुभाषाचं काम देऊन, म्हणजे ब्रिज मोडवर ठेवून, आमचा राउटर मागे लावता येईल का? उत्तर लेखी घ्या. बिघाडाची तक्रार केली की तक्रार क्रमांक आणि तारीख वहीत टिपा. पासवर्ड जुनाच ठेवू नका. आणि दोन मुलं, दोन मुली अशा तयार करा ज्यांना डब्यावरचा कोणता दिवा कशाचा आहे ते कळतं. बाहेरची लाइन गेली आहे की आतला वायफाय, एवढं ओळखता आलं तरी निम्मा खोळंबा वाचतो.

आमच्या अभ्यासिकेचं पुढे काय झालं? कंपनीने शेवटी डबा बदलून दिला. पासवर्ड दिला नाही. पण त्या पोराने कंपनीच्या डब्याच्या मागच्या खोबणीत एक केबल लावली आणि दुसरं टोक मामाच्या राउटरला. पत्ते आता दोनदा बदलतात, दोन कारकून दोन वह्या ठेवतात, तरी चालतं. आतलं जाळं आमचं झालं. भिंतीकडचं दार अजून कंपनीकडेच आहे.

वाइटब्रेख्टही वायरीला हात न लावताच आत शिरले होते. दार उघडायला त्यानंतर चार वर्षांनी निकाल लागला, आणि तो नीट अंमलात यायला आणखी नऊ. आपण सुरुवात केबलपासून केली आहे. तुमच्या अभ्यासिकेतला डबा कोणाचा आहे, हे आज संध्याकाळी जाऊन बघा.